गोदूबाईचे पाच दिवस

रचना : नाही काका. ‘सोशिक’ मी वाचणार नाही. खोडते मी ते.

बाळाराम : खोडू नको, एकच प्रत आहे! अगं, काय वाईट आहे त्या शब्दात? कुणी गेलं की सगळ्यांच्या कार्यक्रमात म्हणतात.

रचना : तेच सांगतेय. हे सगळ्यांच्या कार्यक्रमातलंच आहे. ऐका. “कालकथित गोदूबाई या अत्यंत प्रेमळ, सोशिक व मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या. त्यांनी आयुष्यात कधी कोणाला उलट उत्तर दिले नाही.” काका, कुणाबद्दल आहे हे? आजीने कधी कुणाला सरळ उत्तर दिलं होतं का?

बाळाराम : मग काय सांगायचं लोकांना? आमची आई भांडखोर होती?

रचना : हो.

बाळाराम : शाब्बास. साडेनऊ वाजलेत. अकराला बौद्धाचार्य येतील, वंदना होईल, मग तुझी पाच मिनिटं. माणसं तळा, म्हसळा, पार उरणवरनं आलीत. आणि तू ओट्यावर बसून माझ्याशी वाद घालतेस.

रचना : आजीबद्दल तू बोल, असं तुम्हीच म्हणालात ना? बारावीपर्यंत तिच्याजवळ वाढलीस, तुलाच जास्त माहीत, म्हणालात. आणि आता लिहून पण तुम्हीच आणलंत. कुणी लिहिलं हे?

बाळाराम : आमच्या पनवेलच्या सोसायटीत एक सर आहेत. रिटायर्ड. त्यांची भाषा चांगली आहे.

रचना : त्यांनी आजीला बघितलं होतं?

बाळाराम : लिफ्टमध्ये.

रचना : लिफ्टमध्ये!

बाळाराम : हसू नको. मी चार रात्री झोपलेलो नाही. मंडपवाला, जेवणवाला, सगळं माझ्यावर. तुझा बाप नुसता खुर्च्या मोजतोय.

रचना : हसत नाहीये काका. बरं, मला एवढंच सांगा, आजीचा जन्म कधीचा?

बाळाराम : आधार कार्डावर आहे. एक जानेवारी त्रेचाळीस.

रचना : एक जानेवारी म्हणजे कुणालाच माहीत नाही. माहेरचं गाव?

बाळाराम : म्हसळ्याकडचं.

रचना : म्हसळ्याकडे कुठलं?

बाळाराम : आता... सांगायची ती. डोंगराखाली होतं कुठलं तरी. मी लहानपणी गेलोय एकदा. तिकडे आता कोणी राहिलं नाही.

रचना : तुम्ही तिचे थोरले चिरंजीव. तुम्हाला तिचं गाव माहीत नाही, आणि मलाही नाही. अठरा वर्षं तिच्या हातचं खाल्लं मी. कधी विचारलं नाही.

नीराबाई : आंबेतळी.

बाळाराम : ये मावशी. जयभीम. दारात का उभी?

नीराबाई : जयभीम. तुमचा आवाज पार माझ्या पडवीत येत व्हता, म्हनून आले. वरची आंबेतळी. तिच्या बाचं नाव भागोजी. आमी दोगी एका सालातच ह्या वाडीत नांदायला आलो. ती माघात, मी फाल्गुनात. ती मला म्हनायची, मी तुझ्यापरास म्हयनाभर थोरली हाय, माझं आयकायचं.

रचना : बसा नीराआजी. ही खुर्ची घ्या. मी लिहून घेते. अजून सांगा.

नीराबाई : काय सांगू? तळ्याचा रस्ता होत व्हता तवा आमी दोगी खडी फोडायला जायचो. हा बाळू तवा अंगावर पीत व्हता. मुकादम म्हनाला, पोरं आनायची न्हाईत कामावर. मुकादमासाठी चार बांबू रोवून सावली केल्याली व्हती, खाली बाकडं. गोदीनं काय करावं? सरळ जाऊन त्याच बांबूला झोळी बांधली न् ह्याला घातला आत.

रचना : मग मुकादम?

नीराबाई : तो आला बोंबलत. ही म्हनाली, पोर झोपलंय, हळू बोला. मुकादम दिवसभर उनात.

रचना : काका, हे! हे वाचायचं का ‘उलट उत्तर दिले नाही’?

बाळाराम : मला कधी नाही सांगितलं हे.

नीराबाई : तू झोपला व्हतास.

रचना : आणि अलिबागचं तर माझ्या डोळ्यासमोरचं आहे. नर्सिंगच्या अ‍ॅडमिशनला एक दाखला हवा होता. तिथला बाबू म्हणाला, साहेब नाहीत, सोमवारी या. आम्ही पहाटे पाचला निघून आलेलो. मी परत फिरले. आजी तिथेच दारात बसली, डबा उघडला. म्हणाली, साहेब, तुम्ही पण जेवून या, मी थांबते. माझं जेवण माझ्याजवळ आहे. तांदळाची भाकरी आणि सुकट. सगळ्या ऑफिसात वास. पाऊण तासात दाखला हातात.

बाळाराम : बरं, बरं. मुकादमाचं सांग, दाखल्याचं सांग. लोकांना आवडेल. पण शेवटचा परिच्छेद आहे तसा ठेवायचा. तिथे काही बदलायचं नाही.

रचना : कुठला? “आयुष्याचे अखेरचे दिवस त्यांनी पनवेल येथे मुलासुनांच्या व नातवंडांच्या सहवासात आनंदाने व समाधानाने व्यतीत केले.”

बाळाराम : हो. तो.

रचना : हा तर मुळीच नाही वाचणार.

बाळाराम : रचना.

रचना : आनंदाने? बाहेरून कडी लावत होता तुम्ही. तुम्ही बाजारात, काकी पार्लरच्या कामाला, आणि बाहेरून कुलूप. डिसेंबरात मी आले तेव्हा माझ्यासाठी शेजारणीने चावी आणून दरवाजा उघडला. आजी पलंगावर बसून भिंतीकडे बघत होती.

बाळाराम : तुला बोलायला काय जातं! तू अलिबागला ड्युटी करतेस, दोन महिन्यांनी येतेस, तासभर बसतेस, चहा पितेस आणि जातेस. पावसाळ्यात ती ह्याच घराच्या मागे, मोरीपाशी पडली होती. दोन तास चिखलात. विचार ह्या मावशीला. मला फोन आला, तसाच गाडी काढून आलो. मग काय करायचं मी? इथेच ठेवायचं? उद्या काही झालं असतं तर तूच पहिली म्हणाली असतीस, काका, आजीला एकटं टाकलंत.

रचना : नेलंत ते चुकलं नाही म्हणत मी. कडीचं म्हणतेय.

बाळाराम : कडी का लावली? ती पळून गेली म्हणून लावली! आधी लावत होतो का? काकीला म्हणाली, खाली विहारात वंदनेला जाते. वंदनेला! आणि चपला घालून, आधार कार्ड घेऊन, खिळ्यावरची ह्या घराची चावी काढून गेली. ठरवून गेली. संध्याकाळ झाली, रात्र झाली. मी स्टेशन बघितलं, हॉस्पिटलं बघितली. शवागारात जाऊन आलोय मी, कळलं? तिथला माणूस चादर बाजूला करत होता आणि मी... जाऊ दे.

रचना : काका...

बाळाराम : चार दिवस. पोलीस मला विचारतो, घरात काही भांडण झालं होतं का? म्हातारीला मारझोड होते का? मला! साठ वर्षांच्या माणसाला. आणि ही मावशी. पहिल्याच रात्री मी हिला फोन केला. मावशी, आई आलीय का तिकडे? तर म्हणते, न्हाय बाबा, हितं कशाला येईल.

नीराबाई : व्हय. म्हनले.

बाळाराम : शेजारच्या घरात होती ती! माझ्या आईचा फोन बंद, मी रडतोय फोनवर, आणि तू म्हणतेस नाही. इतके दिवस गिळून बसलोय मी. आज बोलायचं नव्हतं.

नीराबाई : बोल. पोटात ठेवन्यापरास बरं.

बाळाराम : का खोटं बोललीस?

नीराबाई : तिनं शपथ घातली व्हती.

बाळाराम : शपथ! दोन म्हाताऱ्यांचा खेळ आणि इकडे माझा जीव जातोय.

रचना : काका, मला नेमकं तेच सांगायचं होतं आज. खेळ म्हणून नाही. ब्याऐंशी वर्षांची बाई, वाचता येत नाही, आणि पनवेलहून एसटीने माणगावाजवळचं इंदापूर, इंदापूरहून तळा, तिथून रिक्षा करून एकटी आपल्या घरी येते. पाच दिवस राहते. कुणाची हिंमत आहे? माझी नाही. मला ते सांगायचं होतं.

बाळाराम : माइकवर? आई माझ्या घरातून पळून गेली, हे माइकवर? म्हणजे मी छळलं तिला. सरळ अर्थ आहे. उद्या तळ्याच्या बाजारात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

रचना : आणि तुम्हाला कसं कळलं ती इथे आहे, ते पण सांगायचं होतं.

बाळाराम : ते कशाला?

रचना : कारण ते मी केलं. नीराआजी, तुम्हाला माहीत नाही. काकांना मी सांगितलं.

नीराबाई : तू?

रचना : आजीने मला फोन केला होता. चौथ्या दिवशी, संध्याकाळी. म्हणाली, कुणाला सांगू नको. मी म्हटलं, नाही सांगणार. आणि फोन ठेवून दहा मिनिटांत काकांना सांगितलं.

नीराबाई : अगं बया. आमाला वाटलं, तिला आननाऱ्या रिक्षावाल्या सदूनं सांगितलं. मी सदूशी दोन म्हयनं बोलले न्हाय. परवा शेतात वालाच्या शेंगांची पोपटी लावली, बोलवायला आला तर दार लावून घेतलं त्याच्या तोंडावर.

रचना : मी घाबरले होते हो. चार दिवस आम्ही सगळे शोधत होतो. आणि अचानक तिचा आवाज. कुठे आहेस विचारलं तर म्हणाली, घरी. आणि लगेच विचारते काय, “रचने, पांढऱ्या टोपणाची बाटली आधी टाकायची का गुलाबी टोपणाची? आणि दिवसातून सहा वेळा म्हंजी कितीकितीला?” डोळ्यांच्या थेंबांचं. मी विचारलं, कुणाला टाकायचेत? म्हणाली, मलाच. म्हटलं, आजी, तुझं ऑपरेशन झालं? कुणी केलं? बीपी बघितलं का? कागदावर सही कुणी केली? तर म्हणाली, लई बोलतेस, बाटलीचं सांग. मी सांगितलं. पांढरं आधी, दहा मिनिटांनी गुलाबी. तिने फोन ठेवला. मला वाटलं, हिचा डोळा जाईल. एकटी आहे, बीपी आहे, काही झालं तर? मी नर्स आहे, नीराआजी. मला थांबवेना.

बाळाराम : आणि मी पहाटे गाडी घेऊन आलो तर डोळ्याला काहीसुद्धा नाही. लख्ख डोळे. विचारलं, आई, ऑपरेशन कुठे केलंस? तर म्हणते, कसलं ऑपरेशन? मी पनवेलच्या डॉक्टरला विचारलं. म्हणाला, वयामुळे होतं असं, भ्रम होतो, लक्ष ठेवा. म्हणून मग कडी. आता कळलं? मला काय हौस होती?

नीराबाई : भ्रम न्हवता बाळू.

बाळाराम : मग काय होतं?

नीराबाई : थेंब माझं व्हतं.

(नीराबाई चष्मा काढून पदराने पुसते आणि पुन्हा लावते. बाहेर कोणीतरी माइक तपासतं आहे.)

रचना : तुमचे?

नीराबाई : डाव्या डोळ्यात मोतीबिंदू व्हता. पार पिकल्याला. मानगावला शिबिर व्हतं, फुकटात. तिथली बाई म्हनाली, आजी, सोबत मानूस पायजे, त्याबिगर करनार न्हाय. मंग मी गोदीला फोन केला. म्हटलं, गोदे, कोन न्हाय गं मला. ती म्हनाली, कवा हाय? म्हटलं, मंगळवारी. म्हनाली, येते. बस, येवढंच.

बाळाराम : आणि तुझा दयाराम? तो सुरतेला आहे ना? त्याला का नाही सांगितलंस?

नीराबाई : दयारामला सांगितलं तर तो आला असता. लई गुनाचा हाय माझा पोर.

बाळाराम : मग झालं तर!

नीराबाई : आला असता आनि म्हनाला असता, आये, आता तुला दिसत न्हाय, हितं एकटी कशी ऱ्हाशील, चल सुरतेला. गोदीला नेलीस तशी. पाव्हन्यासारखी ऱ्हायली रे ती तुझ्या घरात. मला तिनं सांगितलं, बाळू काय कमी करत न्हाय, सून पन चांगली हाय, पन सकाळी उठून करायचं काय ते कळत न्हाय. हितं तिला उठल्याबरोबर दहा कामं. म्हनून तिच्यासारखी मी बी शपथ घातली तिला. मरेस्तवर कोनाला सांगायचं न्हाय, न्हायतर माझं बी पनवेल व्हईल.

रचना : म्हणून ‘मलाच’ म्हणाली.

नीराबाई : ती हितं आली तवा तिला लगेच कळलं, मी घाबरलेय. रात्री माझ्याच घरात झोपली. टेबलावर निजवायला नेलं तर मी म्हनते, नको, घरी जाते. डॉक्टर म्हनतो, आजी, वेळ न्हाय. ही दाराशी उभी ऱ्हाऊन मला म्हनते, नीरे, दोन वेळा अडलीस तवा मी व्हते ना? मंग हे तर डोळ्याचं हाय, डोळ्यातनं काय पोर निघायचं न्हाय. डॉक्टर हसायला लागला. तिसऱ्या दिवसापास्नं थेंब. ती बाटल्या घेऊन दारात उजेडात बसायची, टोपनं बघायची. रंगावरनं वळखायची. पन आधी कुठली ते इसरली. म्हनाली, माझी नात नर्स हाय, तिला इचारते. केवढ्या तोऱ्यात म्हनाली.

रचना : बास करा नीराआजी.

बाळाराम : मी आलो त्या दिवशी तू बाहेर पण आली नाहीस.

नीराबाई : कशी येनार? काळा गॉगल व्हता डोळ्याला. तू बघितला असतास न् इचारलं असतंस. मी आतनं आयकत व्हते. तू म्हनत व्हतास, लाज आणलीस, चल गाडीत बस. ती नुस्ती म्हनाली, शेगडीवर दूध हाय, उतू जाईल, बघ. ते मला व्हतं. तू आत जाऊन शेगडी बंद केलीस.

बाळाराम : गाडीत बोलली.

रचना : काय बोलली?

बाळाराम : तळ्यापासून इंदापूरच्या फाट्यापर्यंत एकच. बाळू, गाडी फिरव. अजून व्हायचंय. मी म्हटलं, काय व्हायचंय? परत दोन मैलांनी, बाळू, चार दिवसांनी मी माझी माझी येते, आता गाडी फिरव. मला वाटलं डोकं फिरलंय हिचं. मी चार दिवस झोपलेलो नव्हतो. मी... मी गाणी लावली. आवाज मोठा केला.

रचना : काका.

बाळाराम : हो. केला. आणि मग ती खिडकीकडे तोंड करून बसली ती पनवेलपर्यंत. दोन महिने माझ्यासमोर जेवली, मावशी. माझ्या ताटात भात वाढला तिने. एक शब्द सांगायचा होता. नीरीच्या डोळ्यासाठी गेले होते, बास. एवढंच बोलली असती तर मी कडी लावली नसती.

नीराबाई : मंग काय केलं असतंस?

बाळाराम : मी... दयारामला फोन केला असता. की बाबा, तुझ्या आईकडे बघ.

नीराबाई : बघ.

रचना : मी पण तेच केलं असतं.

नीराबाई : तुमी सगळी चांगलीच हाव गं. चांगल्या मानसांपास्नंच लपवावं लागतं.

रचना : मग तुमचे थेंब? ती गेल्यावर कुणी टाकले?

नीराबाई : माझं मी. पयल्या दिशी अर्धं डोळ्यात, अर्धं गालावर. पन गोदी फोन करायची. रोज, सहा वेळा. सकाळी आठला म्हनायची, नीरे, टाक. टाकलं का? आता दहा मिन्टं बोलत ऱ्हा, मंग दुसरं टाक. दहा मिन्टं आमी बोलायचो. काय बी. तुझ्या सोसायटीत एक कुत्रं लिफ्टमधनं जातं म्हनाली. आमी हसायचो. आठ दिवस असं चाललं. मंग तिचा फोन आलाच न्हाय.

बाळाराम : मावशी...

नीराबाई : मी लावला तर बंद. मला सवय झाली व्हती तवर, मी टाकत ऱ्हायले. डोळा बरा हाय, तुझ्या दाढीतलं पांढरं पन दिसतंय. पन मला वाटलं, गोदी रागावली. वाटलं, माझ्यापायी तिला लेकाचं बोलनं खावं लागलं, आता तिला माझ्याशी बोलायचं न्हाय. मी पन मंग लावला न्हाय. म्हटलं, तिचा राग जाईल तवा करील.

बाळाराम : फोन मी काढून घेतला होता.

रचना : काय?

बाळाराम : काकी म्हणाली, दिवसभर फोनवर असते, खोलीचं दार लावून कुजबुजते, मावशीशीच बोलते. मला वाटलं, परत पळायचं ठरवताहेत दोघी. मी फोन घेतला आणि कपाटात ठेवला. महिनाभराने वाटलं, जाऊ दे, दिला परत. तर म्हणाली, ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. हातात घेतला नाही तिने.

नीराबाई : म्हंजी ती रागावली न्हवती.

बाळाराम : नाही मावशी. तुझ्यावर नाही.

नीराबाई : मी तिच्या मयतीला पन दूरनंच हात जोडलं. वाटलं, तिला आवडायचं न्हाय.

रचना : मी डिसेंबरात तासभर बसले होते तिच्यासमोर. मला वाटलं, माझ्यावर चिडली असेल, बोलेल, शिव्या देईल. काही नाही. चहा केला. ड्युटी कशी चाललीय विचारलं. मी म्हटलं, आजी, तुझा डोळा कसा आहे? म्हणाली, चांगला हाय, दिसतं सगळं. मला वाटलं, ती तिच्याबद्दल बोलतेय.

बाळाराम : हे सांग तू आज. सगळं सांग. माझं गाण्याचं पण सांग, फोनचं सांग. तो कागद दे इकडे, सरांचा. मी फाडतो.

रचना : खरंच सांगू?

बाळाराम : सांग म्हटलं ना. एकदा कळू दे लोकांना, ती काय होती.

नीराबाई : न्हाय.

रचना : का हो नीराआजी?

नीराबाई : दयाराम येतोय आज. तळ्याला उतरलाय, मघाशीच फोन आला. तो हितं मंडपात बसनार. माइकवर सांगितलंस का संध्याकाळला माझी पिशवी भरतो तो. आनि उजव्या डोळ्याचं मार्चमंदी हाय.

रचना : म्हणजे हेही सांगायचं नाही! आजीने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, तर ती, आणि तीच सांगायची नाही. मग मी तिथे उभी राहून काय बोलू? प्रेमळ, सोशिक, मनमिळाऊ?

नीराबाई : चिडू नको पोरी. तिनं पाळली ना शपथ? मग तू पन पाळ.

बाळाराम : मार्चमध्ये सोबत मी येतो, मावशी. माणगावला. दयारामला कळू देत नाही.

नीराबाई : तू नको. तू गाडी घेऊन येतोस.

रचना : मग मी येते. रजा टाकते आठवडाभर. थेंब पण टाकते. दयारामकाकांना नाही सांगणार.

नीराबाई : हे तू गोदीला पन म्हनली व्हतीस.

रचना : हो. म्हटलं होतं.

नीराबाई : बघू. मार्चला येळ हाय.

बाळाराम : बौद्धाचार्य आले वाटतं. गाडी लागली बघ. रचना, काय ठरवलंस?

रचना : मुकादम सांगते. दाखला सांगते. आंबेतळी, भागोजीची मुलगी, हे सांगते. शेवटचा परिच्छेद वाचणार नाही. पण ती पनवेलहून एकटी आली, पाच दिवस ह्या घरात राहिली, हे मला सांगायचंच आहे, काका. कशासाठी आली ते नाही सांगत. नुसतं आली, एवढंच.

नीराबाई : नुसतं तसं सांगितलंस तर लोकं काय म्हनतील? लेकाच्या जाचाला कंटाळून पळाली. बाळूचं नाव जाईल.

रचना : हो. मग तेही नको. मग काहीच नको. मी बसते गप्प.

बाळाराम : सांग.

रचना : काका, लोक खरंच तसं म्हणतील. तुम्हीच मघाशी म्हणालात, बाजारात तोंड...

बाळाराम : म्हणू दे. आई एकटी आली, दोन एसट्या बदलून आली, असं सांग. कोणी विचारलं का आली, तर मी सांगेन, मला माहीत नाही.

नीराबाई : बाळू, तुला जड जाईल रे.

बाळाराम : जाऊ दे. चल रचना, तुझ्या आईने पांढरी साडी काढून ठेवलीय, बदल पटकन. तू बोलशील तेव्हा मी तिकडे मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभा राहतो.

नीराबाई : मागं कशाला? पुढं बस. आई तुझी व्हती.